काजू कारखान्यातील माहितीफलक : कोणापुढे कोणता आकडा ठेवावा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू बीचा हंगाम साधारणतः मार्च ते मे असा असतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील लहान प्रक्रियादारास याच काळात पुढील अनेक महिन्यांची बी घेऊन साठवावी लागते. भांडवलाचा मोठा भाग तेथे अडकतो व खरेदीतील चूक वर्षभर भोगावी लागते. ही चूक वेळीच दिसावी, हा संगणकावर हिशेब ठेवण्याचा खरा उपयोग होय.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडक आकडे व आलेख एकाच पडद्यावर दाखविण्याची सोय असते. तिला डॅशबोर्ड, म्हणजेच माहितीफलक, म्हणतात. तयार मिळणारा फलक कोणत्याही दुकानास चालावा अशा बेताने केलेला असतो. त्यात विक्री, येणे-देणे व शिल्लक माल दिसतो. गराचा उतारा सहसा दिसत नाही. काजूच्या धंद्याचे मर्म मात्र उताऱ्यातच आहे.

उदाहरणादाखल बीचा भाव किलोस १२० रुपये धरू. उतारा २५ टक्के पडल्यास एक किलो गरामागे बीचा खर्च ४८० रुपये येतो. उतारा २२ टक्के पडल्यास तोच सुमारे ५४५ रुपये होतो. दहा टन बीमागे ३०० किलो गर कमी मिळतो. वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जातींत गराचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असते, मिश्र गावठी बीत ते पुष्कळदा कमी भरते. सर्व खरेदीची एकच सरासरी दाखविणारा फलक हा फरक झाकून टाकतो. याकरिता प्रत्येक खरेदीस गट क्रमांक देऊन तो गोणीवर लिहावा व फलकावर गटवार उतारा मागवावा. गोणीवर क्रमांक नसेल तर कितीही महाग सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरते.

मालकापुढे गटवार उतारा, गराचा पडता खर्च व शिल्लक बी एवढे पुरे. गोदाम सांभाळणाऱ्यास साठ्यातील बीचा ओलावा हवा; बी उन्हात वाळवून तो ८ ते ९ टक्क्यांवर आणलेला असावा आणि याहून अधिक आढळल्यास तो आकडा लाल दिसेल अशी योजना करावी. फोडणी व सोलणीवर देखरेख करणाऱ्या बाईंना त्या दिवसाचे अख्खा गर, पाकळी व तुकडा यांचे प्रमाण लागते. विक्री पाहणाऱ्यास डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशी प्रतवार शिल्लक हवी. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, हे नव्या माणसास समजावून द्यावे.

मांडणी अशी माणसागणिक बदलावी. सूत्र मात्र बदलू देऊ नये. एकाने सालीसह गर मोजला आणि दुसऱ्याने सोललेला, तर दोघांच्या फलकांवर एकाच गटाचे दोन उतारे दिसतील आणि भांडण बी विकणाऱ्या बागायतदारापर्यंत जाईल. उतारा म्हणजे सोलून वाळविलेला, तुकड्यांसह सर्व गर भागिले कोरडी बी, असे एकदा ठरवून ते फलकावरच लिहावे. सूत्र बदलण्याची मुभा एकाच व्यक्तीकडे असावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटास सॉफ्टवेअर घेण्याचा सल्ला देण्यापूर्वी असा फलक कागदावर आखून पंधरा दिवस भिंतीवर लावावा. ज्या आकड्याकडे त्या काळात कोणी पाहिले नाही, तो संगणकावर चढवू नये.