निशिजिन : क्योटो शहरातील विणकरांची पेठ

विद्यार्थिमित्रांनो, परदेशातील एखादे शहर पाहावयास गेलेला प्रवासी प्रथम तेथील देवळे, राजवाडे आणि बाजार पाहतो. त्याचे हे करणे चुकीचे नव्हे. परंतु तेवढ्यावरून त्या शहराची ओळख झाली असे मात्र म्हणता येत नाही. घराची खरी ओळख दिवाणखान्यात बसून होत नाही; ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होते. शहराचेही तसेच आहे. त्याच्या आडबाजूच्या एखाद्या शांत पेठेतून सकाळच्या वेळी पायी सावकाश हिंडावे, म्हणजे तेथील माणसे कशी राहतात, कशावर जगतात आणि कशाला जपतात, हे हळूहळू उमगू लागते. प्रस्तुत लेखात जपानमधील क्योटो शहराच्या अशाच एका पेठेचा परिचय करून घ्यावयाचा आहे. तिचे नाव निशिजिन.

इ. स. ७९४ मध्ये जपानच्या सम्राटाने आपली राजधानी क्योटो येथे आणली आणि १८६८-६९ साली ती तोक्योला जाईपर्यंत, म्हणजे एक हजारांहून अधिक वर्षे, ती येथेच होती. चीनमधील छांगआन नगरीच्या धर्तीवर या शहराची आखणी झाली. उभे आणि आडवे सरळ रस्ते एकमेकांस छेदून जातात व सारे शहर बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. आजही तेथील पत्ता सांगण्याची रीत मोठी गमतीची आहे. दोन रस्ते जेथे मिळतात तो चौक प्रथम सांगावयाचा आणि मग तेथून उत्तरेस जावयाचे असल्यास ‘वर चढा’, दक्षिणेस जावयाचे असल्यास ‘खाली उतरा’ असे म्हणावयाचे. पूर्वेस अथवा पश्चिमेस वळावयाचे असल्यास ‘पूर्वेस शिरा’, ‘पश्चिमेस शिरा’. रस्त्यांची नावे क्रमाने लक्षात राहावीत म्हणून तेथील मुले लहानपणीच एक गाणे पाठ करतात.

‘निशि’ म्हणजे पश्चिम आणि ‘जिन’ म्हणजे लष्कराची छावणी. या शांत पेठेचे नाव युद्धातून आलेले आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १४६७ पासून १४७७ पर्यंत क्योटोत सरदारांच्या दोन पक्षांमध्ये भीषण यादवी माजली. तिला ओनिनचे युद्ध म्हणतात. पश्चिमेकडील पक्षाचा सेनापती यामाना सोझेन याचा तळ या भागात होता. दहा वर्षांच्या जाळपोळीत राजधानीची राखरांगोळी झाली. दरबारासाठी रेशमी वस्त्रे विणणारे कारागीर जीव घेऊन परगावी पळाले. युद्ध संपल्यावर ते परतले आणि जेथे पूर्वी छावणी होती त्या ओसाड जागेवर त्यांनी आपले माग पुन्हा मांडले. सेनापती गेले, सैन्ये गेली. नाव मात्र विणकरांच्या पेठेस चिकटून राहिले.

त्या काळाचा एक साक्षीदार अजून उभा आहे. सेन्बोन शाकादो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बौद्ध मंदिराची मुख्य वास्तू १२२७ सालची असून जुन्या क्योटो शहरातील ती सर्वांत प्राचीन वास्तू समजली जाते. सभोवतालचा मुलूख जळत असताना ती वाचली. तिच्या लाकडी खांबांवर त्या युद्धातील तलवारींचे व भाल्यांचे घाव आजही दाखवितात.

निशिजिनच्या कापडाची ख्याती कशात आहे? येथे कापड विणून झाल्यावर त्यावर रंगकाम करीत नाहीत. सूत आधी रंगवितात आणि मग त्या रंगीत धाग्यांनीच विणताना नक्षी उठवितात. किमोनोवर कमरेभोवती बांधण्याचा जो रुंद पट्टा असतो, त्याला ‘ओबि’ म्हणतात. तो विणण्यात ही पेठ विशेष प्रसिद्ध आहे. काही पट्ट्यांत सोन्याचा वर्ख कागदावर चिकटवून, त्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या कापून, त्या बाण्यात एकेक करून घालतात. ‘त्सुझुरे’ नावाच्या प्रकारात तर विणकर आपल्या बोटांची नखे कानशीने घासून त्यांना करवतीसारखे दाते पाडतो आणि त्या नखांनी बाण्याचा धागा जागच्या जागी ठोकून बसवितो. नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जातो व तेथूनच परत फिरतो. आपल्या पैठणीच्या पदराची वीणही मूलतः याच जातीची आहे. येवल्याचा विणकर आणि निशिजिनचा विणकर एकमेकांची भाषा जाणत नाहीत. पण एकाचे काम दुसऱ्याने पाहिले, तर तो ते तत्काळ ओळखील.

राजधानी तोक्योस गेली, तेव्हा या पेठेवर मोठे संकट कोसळले. दरबार गेला, सरदार गेले. मग भरजरी वस्त्रे घेणार कोण? हातावर हात ठेवून बसण्याऐवजी क्योटोच्या प्रांतिक सरकारने १८७२ साली तीन माणसांना फ्रान्समधील लिआँ शहरी विद्या शिकण्यास पाठविले. साकुरा त्सुनेशिचि, इनोउए इहेइ आणि योशिदा चुशिचि अशी त्यांची नावे होत. तेथे त्यांनी जाकार नावाच्या फ्रेंच कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेली यंत्ररचना अभ्यासिली. पूर्वी नक्षीचे कापड विणताना एक मनुष्य मागाच्या वर बसून ताण्याचे नेमके धागे दोऱ्यांनी उचलीत असे. जाकारच्या रचनेत हे काम भोके पाडलेले पुठ्ठे करतात. जेथे भोक असेल तेथील धागा वर उचलला जातो. जेथे नसेल तेथील धागा खालीच राहतो. अशा शेकडो पुठ्ठ्यांच्या माळेत एक संपूर्ण नक्षी साठविता येते. भोक आहे अथवा नाही, एवढ्या दोनच खुणांनी यंत्राला आज्ञा देण्याची ही युक्ती पुढे गणकयंत्रांच्या कामीही आली.

तिघांपैकी दोघे १८७३ साली यंत्रे घेऊन परतले. योशिदा अधिक शिकण्यासाठी मागे राहिला होता. १८७४ साली तो ज्या फ्रेंच जहाजाने येत होता, ते जपानचा किनारा दृष्टीपथात आल्यावर इझूजवळ बुडाले आणि त्यात त्याचा अंत झाला. परंतु विद्या बुडाली नाही. १८७७ साली निशिजिनमधील आराकि कोहेइ या कारागिराने परदेशी यंत्राची लाकडी प्रतिकृती घडविली आणि पुढे पेठेतील घराघरांत तसे माग बसले. जुने टिकविण्यासाठी कधीकधी नवे शिकावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता आपण पेठेत प्रवेश करू. रस्ते अरुंद आहेत व घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. या लाकडी घरांना ‘माचिया’ म्हणतात. दर्शनी रुंदी थोडी आणि खोली पुष्कळ. म्हणून लोक त्यांना विनोदाने ‘वाम माशाचे अंथरूण’ म्हणतात. रस्त्याच्या बाजूस बारीक लाकडी गजांची जाळी असते. तिच्यातून आतल्यास बाहेरचे दिसते, बाहेरच्यास मात्र आतले सहसा दिसत नाही. सूत व कापड यांच्या व्यापाऱ्यांच्या घरी या जाळीतील काही गज वरच्या बाजूस तोकडे ठेवीत. कारण रंगाची पारख करावयास उजेड भरपूर हवा. दारातून आत शिरले की मातीच्या जमिनीचा एक बोळ थेट मागपर्यंत जातो. चूल, मोरी, विहीर ही सारी त्या बोळातच. मध्ये एक चिमुकली बाग असते. तीत एखादे झाड, एक दगडी दिवा आणि थोडे शेवाळ एवढेच. पण तिच्यामुळे लांबट घरात उजेड येतो आणि वारा खेळतो. आपल्या वाड्यातील चौक जे काम करतो, तेच ही बाग करते. विणकराच्या घरात सर्वांत मागे उंच छपराचे माग-घर असते, कारण जाकारचा माग उंच असतो.

सकाळी या पेठेत पहिला आवाज येतो तो झाडूचा. प्रत्येक जण आपल्या दारापुढील रस्ता झाडतो व त्यावर पाणी शिंपडतो. झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीतील हातभर जागाही झाडावयाची, असा संकेत आहे. अगदी आपल्या सीमेवर थांबणे रुक्षपणाचे, आणि शेजाऱ्याचे सारे अंगण झाडून टाकणे म्हणजे त्याला उगाच उपकाराखाली आणणे. शेजारधर्माची एवढी सूक्ष्म मर्यादा या लोकांनी एका झाडूने आखून घेतली आहे. येथे एक ‘चो’, म्हणजे आळी, ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरील घरांची मिळून होते. रस्ता घरांना तोडीत नाही, जोडतो.

आळीच्या कोपऱ्यावर लहानशा देवळीत दगडी ‘जिझो’ असतो. हा बौद्ध परंपरेतील क्षितिगर्भ बोधिसत्त्व. नाव संस्कृत आहे, हे लक्षात घ्या. तो बालकांचा रक्षणकर्ता मानला जातो. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याचा उत्सव होतो. त्या दिवशी मुले गोल करून बसतात आणि सर्वांच्या हातांतून एक प्रचंड जपमाळ फिरविली जाते. खाऊ वाटतात, खेळ होतात. वर्षभर ज्या आळीत मोठ्यांचे राज्य असते, ती त्या दिवशी मुलांची होते.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने ऐकावी अशी आणखी एक गोष्ट आहे. १८६९ साली, म्हणजे जपानच्या मध्यवर्ती सरकारने शिक्षणाचा कायदा करण्यापूर्वी तीन वर्षे, क्योटोतील आळ्यांनी एकत्र येऊन ६४ प्राथमिक शाळा काढल्या. ज्या ज्या घरी चूल पेटते, त्या त्या घराने शाळेसाठी वर्गणी द्यावी, अशी प्रथा पाडण्यात आली; तिला ‘चुलीचा पैसा’ म्हणत. राजधानीचे वैभव हातचे गेले असताना त्या शहराने प्रथम मुलांच्या शिक्षणाचा विचार केला.

परंतु या पेठेचे चित्र केवळ सुंदर आहे असे सांगणे खरे होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात क्योटो बहुतांशी वाचले. तथापि २६ जून १९४५ रोजी निशिजिनवर बाँब पडले व चाळीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. युद्धानंतरचे संकट आवाज न करता आले. किमोनो नेसणाऱ्यांची संख्या घटली. पूर्वी गल्लीगल्लीतून ऐकू येणारी मागांची खटखट आता कान देऊन शोधावी लागते. विणकर वृद्ध झाले आणि त्यांच्या मुलांनी इतर व्यवसाय पत्करले. या धंद्यात सूत रंगविणारा, ताणा जुळविणारा, नक्षीचे पुठ्ठे पाडणारा, धोटे घडविणारा असे निरनिराळे कारागीर असतात. त्यांपैकी एकाने हात आवरता घेतला की पुढच्या साऱ्यांचे काम अडते. २०१६ च्या सुमारास झालेल्या मोजणीत क्योटोत सुमारे ४०,००० माचिया उरल्याचे आढळले. त्यापूर्वीच्या सात वर्षांत सुमारे ५,६०० पाडल्या गेल्या होत्या. म्हणजे दररोज दोनांहून अधिक घरे! २००७ साली शहराने इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा घातल्या आणि २०१७ साली जुनी घरे पाडण्यापूर्वी सूचना देण्याविषयी नियम केला. पण घर राखणे कायद्याने साधेल. त्यात माणूस राहणे कायद्याने कसे साधावे?

येथे प्रवाशाचा संबंध येतो. काही माचियांत आता अतिथिगृहे व उपाहारगृहे झाली आहेत. त्यामुळे घर वाचते, पण शेजारी नाहीसा होतो. क्योटोच्याच गिओन नावाच्या दुसऱ्या पेठेत पाहुण्यांचा उपद्रव इतका वाढला की, २०१९ साली तेथील रहिवाशांना खासगी गल्ल्यांत छायाचित्रे घेण्यास मनाई करणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या, आणि २०२४ साली काही गल्ल्या पाहुण्यांना बंदच कराव्या लागल्या. ज्या शांततेसाठी लोक आले, तीच त्यांनी मोडली.

म्हणून अशा पेठेत जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. आवाज खाली ठेवावा. लाकडी भिंतीपलीकडे कोणी निजले असेल, कोणी धागे मोजीत असेल. जाळीतून आत डोकावू नये. ज्या बोळाच्या तोंडाशी कुटुंबांच्या नावांच्या पाट्या दिसतील, तो रस्ता नसून अंगण आहे असे समजावे. माणसाचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. कचरा आपल्या पिशवीत ठेवून परत न्यावा. जोडे काढावयाच्या जागी ते काढून, टोके दाराकडे करून नीट लावावेत. आणि जमल्यास एखादी लहानशी वस्तू ती विणणाऱ्याकडूनच विकत घ्यावी. नुसत्या कौतुकाने मागावर ताणा चढत नाही.

बालमित्रांनो, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्याला ही कथा परकी वाटू नये. आपल्या वाडवडिलांनीही परमुलखात घरे केली, वर्गण्या काढल्या आणि मुलांना आपली भाषा यावी म्हणून शाळा उभ्या केल्या. पेठ असो वा भाषा, ती पाहुण्यांच्या स्तुतीने जगत नाही. रोज सकाळी आपल्या दारापुढील जागा आणि शेजाऱ्याची हातभर जागा जो झाडतो, त्याच्यामुळे ती जगते.

स्वाध्याय
१. आपल्या आळीचे नाव कशावरून पडले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
२. आपल्या गावात पूर्वी चालत असलेला व आता बंद पडलेला एक हस्तव्यवसाय कोणता? तो कोणत्या कारणाने बंद पडला?
३. आपल्या घरी पाहुणा आला असता त्याने काय पाळावे असे तुम्हांला वाटते? तुम्ही परगावी गेल्यावर ते स्वतः पाळता काय?