पेणच्या मूर्ती आणि परदेशी बाजार

आपल्या नागोठण्याजवळच्या पेणच्या गणेशमूर्ती जहाजाने परदेशी जातात. पुष्कळसे छोटे कारखानदार मात्र स्वतः निर्यात न करता व्यापाऱ्याला माल विकतात. आम्ही बँकेतली माणसे याला भित्रेपणा म्हणणार नाही. चतुर्थी उलटल्यावर पोहोचलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नसते. शिवाय उधारी बुडाली तर परदेशात दावा कोण लावणार? हा धोका व्यापारी उचलतो. पण गिऱ्हाइकाचा पत्ताही त्याच्याच वहीत राहतो. थेट विकायचे तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. पतपत्र मिळाल्यास कागदपत्रे बिनचूक असताना बँक पैसे देण्यास बांधील असते. (नावातला एक अक्षराचा फरकही अडवतो!) उधारीवर माल दिल्यास १९५७ साली स्थापन झालेल्या, आजच्या ईसीजीसीचा विमा घेता येतो. व्यापाऱ्याचे काम न सोडता एखादी लहान खेप स्वतःच्या नावाने पाठवून पाहता येते.