बंद झालेला ऑडिओ गेम नव्या फोनवर

लंडनच्या 'समथिंग एल्स' कंपनीनं २०१० साली 'पापा सांग्रे' नावाचा गेम आयफोनवर आणला. त्यात पाहण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. अंधारात गुरगुरणारं जनावर कोणत्या बाजूला आहे हे हेडफोनमधून ओळखायचं आणि दोन अंगठ्यांनी एकेक पाऊल टाकत निसटायचं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'द नाइटजार'मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाज होता. हे दोन्ही गेम आता ॲप स्टोअरवर मिळत नाहीत. डोळस मुलाचा एखादा गेम बंद झाला तर त्याच्यापुढे दुसरे हजार असतात. अंध खेळाडूला मनापासून खेळता येतील असे गेम मुळातच मोजके, त्यामुळे त्यातला एक गेला की ती उणीव भरून निघत नाही. म्हणून जुन्या फोनमध्ये असा गेम अजून असेल, तर तो वाचवण्यासाठी थोडी मेहनत घ्यावीच.

पहिलं काम म्हणजे तो जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रीसेट करू नका आणि त्यातला गेम काढू नका. रायपूरचा मे महिना जुन्या बॅटरीला फार वाईट. कपाटात पडून राहिलेल्या फोनची पाठ फुगलेली लागली, तर चार्जरला न लावता आधी दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलून घ्या. पाठ सपाट असेल तर समोर बसून चार्ज करा, रात्रभर लावून ठेवू नका.

जुना फोन अँड्रॉइड असेल तर संगणकाला हात लावण्याआधी एक सोपी वाट तपासा. नव्या फोनवर जुन्याच गूगल खात्यानं प्ले स्टोअर उघडून 'मॅनेज ॲप्स'मध्ये 'नॉट इन्स्टॉल्ड' ही यादी पाहा. बनवणाऱ्यानं गेम नव्या लोकांसाठी बंद केला असला, तरी आधी घेतलेल्यांना तो इथून पुन्हा मिळू शकतो.

तिथे नसेल तर विंडोज संगणक आणि डेटा जाणारी यूएसबी केबल लागेल. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं संगणकाला फोन दिसतच नाही. हे सगळं अंध व्यक्तीला स्वतः करता येतं. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर कमांडची खिडकी नीट वाचतो. घरातल्या डोळस माणसानं शेजारी बसावं, पण फोन हातातून काढून घेऊ नये.

जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतील, त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करा. गूगलच्या अधिकृत पानावरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवा. त्यातलं एडीबी हे आपलं मुख्य अवजार. केबल लावली की फोन परवानगी विचारेल, ती द्या. मग 'एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस' ही कमांड द्या. शेवटी 'वजा तीन' जोडलं की फक्त आपण टाकलेली ॲप्स येतात. यादी लांब असेल तर ती मजकुराच्या फाइलमध्ये वळवून नोटपॅडमध्ये वाचणं बरं. गेमचं पॅकेजनाव सापडलं की 'पीएम पाथ'नं त्याचा पत्ता काढा आणि 'एडीबी पुल'नं एपीके, म्हणजे ॲपची मूळ फाइल, संगणकावर घ्या. पत्ते एकापेक्षा जास्त आले तर त्या सगळ्या फाइली घ्या आणि पुढे 'इन्स्टॉल मल्टिपल'नं एकत्र टाका. मोठ्या गेमचे आवाज बरेचदा 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आत 'ओबीबी'मध्ये वेगळे असतात. ते राहिले तर गेम उघडतो पण मुका असतो, आणि ऑडिओ गेम मुका असला तर उरतं काय?

आता नवा फोन. यातही डीबगिंग चालू करून 'एडीबी इन्स्टॉल' द्या. अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली ॲप्स फोन नाकारतो आणि 'डेप्रिकेटेड एसडीके व्हर्जन' असा संदेश येतो. तेव्हा 'इन्स्टॉल'च्या पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'बायपास लो टार्गेट एसडीके ब्लॉक' हे शब्द लिहा, शब्दांच्या मध्ये एकेक रेघ. बहुतेक वेळा काम होतं. 'नो मॅचिंग एबीआयज' असा संदेश आला, तर मात्र अडचण खरी आहे: गेम ३२ बिटचा आणि फोन फक्त ६४ बिटचा. तिथे जबरदस्ती चालत नाही. घरातला दुसरा, थोडा जुना फोन त्या गेमसाठी राखून ठेवा. गेम स्वतःच्या सर्व्हरवर अवलंबून असेल आणि तो सर्व्हर बंद झाला असेल, तरीही ही कृती उपयोगाची नाही. आधी गाठलेले टप्पेही सहसा सोबत येत नाहीत, खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

गेम उघडल्यावर बोटांचे इशारे टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर आधी स्वतःकडे घेतो आणि गेमपर्यंत ते पोचतच नाहीत. गेम स्वतः बोलणारा असेल तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक थांबवा. खेळून झाल्यावर तसंच करून तो परत सुरू करा. हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधीच चालू करून तपासा, नाहीतर आत अडकायला होतं.

हेडफोनच्या बाबतीत घाई करू नका, कारण गेमचा सगळा जीव तिथे आहे. आवाज डाव्या आणि उजव्या कानाला किती फरकानं पोचतो, यावरून मेंदू दिशा ठरवतो. ॲक्सेसिबिलिटीमधला 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर हा फरकच नाहीसा होतो; तो बंद करा आणि बॅलन्स मध्यावर आणा. डॉल्बीसारखे परिणाम आणि इक्वलायझरही बंद ठेवा, कारण गेमनं बारकाईनं रचलेली जागा ते विस्कटतात. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. गाण्यात ते जाणवत नाही, पण अंगावर येणाऱ्या शत्रूला चुकवताना तेवढ्यानं डाव जातो. त्यामुळे तारेचाच हेडफोन घ्या, आणि घरात कूलर घरघरत असेल तर कान पूर्ण झाकणारा. फोनला गोल पिन नसेल तर रायपूरच्या जयस्तंभ चौकातल्या रवी भवनात टाइप सी अडॅप्टर मिळेल. काही फोनना साधा अडॅप्टर चालत नाही, डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी चिप, असलेलाच लागतो. दुकानातच "भैया, मेरे फोन में लगाके सुना दो" म्हणा, आणि डावा आवाज डाव्याच कानात येतो ना हे ऐकून मगच पैसे द्या.

आयफोनवाल्यांना एवढी मोकळीक नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ नं ३२ बिटची सगळी ॲप्स बंद केली. आयफोन ५ आयओएस १० वरच थांबतो, म्हणून त्यात असलेला गेम आजही चालेल. तोच फोन जपा. जुन्या संगणकावर आयट्यून्सच्या फोल्डरमध्ये 'मोबाइल ॲप्लिकेशन्स' सापडलं तर आतल्या आयपीए फाइली लगेच पेनड्राइव्हवर घ्या. त्या तुमच्या ॲपल आयडीला बांधलेल्या असतात, तेव्हा तो पासवर्डही सांभाळा.

अनोळखी साइटवरून एपीके उतरवू नका, त्यात काय भरलेलं असेल सांगता येत नाही. आपल्याकडच्या कायदेशीर प्रतीवरून सांभाळण्यापुरती प्रत करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. वाटायला किंवा विकायला नाही. इतरांनाही तो गेम मिळावा असं वाटत असेल तर बनवणाऱ्यांना ईमेल लिहा. असे बरेच गेम एकट्यादुकट्यानं केलेले असतात. गेमचं नाव, आवृत्ती, तो कोणत्या फोनवर चालला आणि कुठे अडला हे कळवा, आणि तो मोफत खुला करता येईल का असं विचारा.