सुटे पंख कसे बांधावेत?

प्रश्न : माझ्या रिमोटवरच्या पेट्रोल विमानाचा पंखविस्तार अडीच मीटर आहे. गाडीत मावत नाही म्हणून पंख सुटे केलेत. मैदानावर जोडून वरून चिकटपट्टी लावतो. चालेल ना? – एक वाचक, माजलगाव

उत्तर : नाही चालणार. चिकटपट्टीने फट झाकते, पंख धरला जात नाही. त्यात बीडचं ऊन, गोंद पाघळतो. पंख वर वाकवणारा भार धडातून आरपार जाणारी ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची नळी घेते. पंख तिच्याभोवती फिरू नये म्हणून मुळाशी, मागच्या बाजूला खुंटी हवी. उरलं बाहेर सरकणं. त्यासाठी धडाच्या आतून पंखात जाणारा 6 मिमीचा नायलॉन बोल्ट पुरतो. लोखंडी नकोच! पंख झुडपात अडकला तर नायलॉन तुटतो, धड वाचतं. मात्र बोल्टाचा नट नुसत्या बाल्सात बसवाल तर तो उपटून येईल. तिथे इपॉक्सीने प्लायवूड चिकटवा. इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल पडतो, म्हणून रबरी वॉशर घाला. दर उड्डाणाआधी पंख ओढून पाहा, एलेरॉनची वायर जोडलीय का तेही. आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळावरच उडवा.