कर्जाची वही

मुलांनो, 'कर्ज' हा शब्द तुम्हांला शिकवावा लागणार नाही. तो उर्दूतही आहे. मात्र उर्दूत जिला 'किस्त' म्हणतात, तिला मराठीत 'हप्ता' म्हणतात. कर्ज देणारा तो धनको आणि घेणारा तो ऋणको.

मालेगाव, भिवंडी येथील अनेक कुटुंबे यंत्रमागावर जगतात. मंदीत माग थांबतात, पण चूल थांबत नाही. समजा, अशा एका घराला पतसंस्थेचे १२,०००, सावकाराचे ६,००० आणि किराणा दुकानदाराचे २,००० रुपये देणे आहे. तिघेही म्हणतात, "आधी माझे द्या." अब्बा दुकानासमोरून जायचे टाळतात. काय करावे?

प्रथम सारे कर्ज वहीत लिहावे. एकूण २०,००० रुपये. घरखर्च वजा जाता दरमहा २,००० रुपये उरत असतील, तर कर्जाच्या प्रमाणात १,२००, ६०० व २०० रुपयांचे हप्ते पडतात. मग वही घेऊन तिघांकडे स्वतः जावे. पुढचे व्याज थांबवण्याची विनंती करावी. ती मान्य झाली, तर दहा महिन्यांत कर्ज फिटेल. नाहीतर अधिक काळ लागेल. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार सावकारीला परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवावे. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढू नये.

कर्ज लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआन शरीफच्या सूरह बकरहमध्ये, २८२ व्या आयतीत आहे. घरची वही कोण लिहील? मुलांनो, हिशेब तुम्हांला येतो. तुम्हीच लिहा.