सावेडीतल्या संसाराची वही



पारनेर तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरातून जी मुलगी लग्न होऊन अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातल्या नोकरदार घरात येते, तिच्यापुरता महागाईचा अर्थ उंबरठ्यावरच बदलतो. कारण शहराजवळच्या नेप्तीच्या उपबाजारात कांद्याला चढलेल्या ज्या भावाने माहेरची देणी फिटतात, तोच भाव हमाली, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा अंगावर घेऊन सासरच्या खर्चात उतरतो. ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तू व सेवांची एक टोपली कल्पून तिची आजची किंमत पायाभूत वर्षातल्या किमतीशी ताडणारी संख्या, हाही फरक मानतो: २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत अन्न व पेये यांचा भार ग्रामीण टोपलीत ५४.१८ टक्के, तर शहरी टोपलीत ३६.२९ टक्के धरलेला होता.

हा निर्देशांक वर्षभरात शेकडा जितका वाढतो, तो महागाईचा दर. दर उतरला म्हणजे भाव उतरले, ही समजूत गृहिणीने प्रथम सोडावी. देशातला हा दर ऑक्टोबर २०२४ मध्ये ६.२१ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्क्यांवर आला. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांत भरणारी टोपली या दोन वर्षांत सुमारे साडेसहा रुपयांनी महागलेलीच राहिली, आणि ज्या घरात पगार तेवढाही वाढला नाही, ते घर बातमी आनंदाची असूनही मागेच पडले.

शिवाय ही टोपली सरासरीची असते, आणि सरासरीचे कुटुंब सावेडीत काय, कुठेच राहत नाही. म्हणून नव्या संसाराने स्वतःची वही ठेवावी, तीत किराणा, दूध, गॅस, घरभाडे, शाळेची फी आणि औषधे यांची वेगवेगळी पाने करावीत आणि दर महिन्याला भावाबरोबर वजनही टिपावे. कारण पुड्याची किंमत तीच ठेवून आतला माल कमी करणे हीदेखील भाववाढच असते, फक्त ती बोलत नाही. कांदा मात्र फार बोलतो. महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घरात तो किलोमागे वीस रुपयांनी चढला, तर बोजा शंभर रुपयांचा पडतो. आठ हजारांचे भाडे दहा टक्क्यांनी वाढले, तर आठशेंचा पडतो आणि तो पुढच्या हंगामात उतरतही नाही.

बेगमीची जुनी रीत अजून उपयोगी आहे, पण सरसकट नव्हे. ज्वारी, गहू सुगीनंतर भरावेत. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये, वारा खेळेल अशा जागेत टिकेल तेवढाच घ्यावा, कारण कांदाचाळीतला साठा सरत आला की दिवाळीच्या सुमारास भाव बहुधा चढतात. तेलाचे साठे मात्र करू नयेत: देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, त्यामुळे त्याचा भाव आयातशुल्काच्या एका निर्णयाने फिरतो. उधारीवर बेगमी तर मुळीच करू नये. व्याजात बचत जाते.

वहीत एक पान माहेरच्या कांदाचाळीचेही असावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या महिन्यांत शहरातल्या पानांवर जी बचत दिसली असती, तिचा काही भाग या पानावर तोटा म्हणून उमटला असता.