उन्हाने भाजलेली कातडी : घरी काय करावे, काय टाळावे

एप्रिल-मे महिन्यांत नगर, पारनेर, राहुरीकडे कांदा काढणी चालू असते, शहरात स्लॅबची कामे चालू असतात. त्यातच १४ एप्रिलची जयंती येते. मिरवणुकीची तयारी, मंडप, पाणीवाटप यांत मुले दिवसभर उन्हात असतात. रात्री मान, पाठ, हात यांची आग होऊ लागते. तरी "आपली कातडी काळी, आपल्याला ऊन बाधत नाही," असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

हा समज चुकीचा आहे. सावळ्या कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरण काही प्रमाणातच अडवते. गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते, सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाही. म्हणून हात लावून पाहावे. भाजलेली जागा गरम लागते, दुखते, ताणल्यासारखी होते आणि काही दिवसांनी तिचे पापुद्रे निघतात. त्रास काही तासांनी सुरू होतो आणि साधारण दुसऱ्या दिवशी वाढतो.

घरी काय करावे?

१. लगेच सावलीत यावे. साध्या गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ सुती फडके १०-१५ मिनिटे ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे.
२. भरपूर पाणी प्यावे. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे.
३. कातडी गार झाल्यावर कोरफडीचा गर लावता येतो. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक धुऊन टाकावा. आधी थोड्या जागेवर लावून पाहावे. खाज आली तर लावू नये.
४. फार दुखत असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. पुढची गोळी सहा तासांनीच घ्यावी. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.
५. बरे होईपर्यंत ती जागा सैल सुती कपड्याने झाकावी.

काय टाळावे?

बर्फ थेट लावू नये. टूथपेस्ट, शाई, लिंबू, खायचा सोडा लावू नये. गरम कातडीवर तेल-तूप चोळू नये. फोड फोडू नयेत. ते फुटले तर जखम चिघळते.

कातडी बरी झाल्यावर काळे डाग काही महिने राहतात. ते घालवण्यासाठी अनेक मुली मेडिकलमधून गोरे करणारे मलम आणतात. अशा काही मलमांत स्टिरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, पुरळ उठते आणि ऊन आणखी बाधते. स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये झाला आहे. डाग हळूहळू फिके होतात. आणि कातडीचा रंग हा काही आजार नव्हे, त्यावर औषध शोधू नये.

दवाखान्यात कधी जावे?

मोठ्या भागावर फोड आले, ताप-थंडी किंवा उलट्या झाल्या, जखमेत पू झाला, किंवा भाजलेले मूल एक वर्षाच्या आतील असेल, तर घरी थांबू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा, त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांचा जीव गेला, हे विसरू नये.

मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. ११ ते ३ या वेळेत शक्यतो सावलीत राहावे. शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि मानेवर पंचा घ्यावा. बांधकामावर पिण्याचे पाणी पुरवणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. ते मागण्यात संकोच नको, तो आपला हक्क आहे.